मंटोची ठेव

भायखळ्याच्या क्लेअर रोडला आता मिर्झा गालिब मार्ग म्हणतात. नोकरीत असताना त्या भागातल्या एका शाखेत मी तीन वर्षे होतो. दुपारी डबा खाल्ला की पाय मोकळे करायला याच रस्त्याने एक फेरी व्हायची. इथल्या अ‍ॅडेल्फी चेंबर्समध्ये सआदत हसन मंटो राहत असे, हे मला फार उशिरा कळले. गालिबच्या जीवनावर चित्रपटाची कथा लिहिणारा हा लेखक ज्या रस्त्यावरून उठून गेला, त्यालाच पुढे गालिबचे नाव मिळाले, हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण त्याला कोणी हाकलले नसताना तो गेला का, हा प्रश्न तसा सोडून देता येत नाही.

मंटोचा जन्म ११ मे १९१२ चा, लुधियाना जिल्ह्यातल्या समराळ्याचा. घराणे मूळचे काश्मिरी, वडील न्यायखात्यात आणि स्वभावाने कडक. अमृतसरला वाढलेला हा मुलगा मॅट्रिकला नापास झाला, आणि नापास झालेल्या विषयांत उर्दूही होती! बारी अलीग या पत्रकाराने त्याला वाचनाची गोडी लावली, व्हिक्टर ह्यूगोच्या अनुवादाला बसवले. १९३६ साली ‘मुसव्विर’ या साप्ताहिकाच्या संपादनासाठी तो मुंबईला आला आणि इथलाच झाला. १९३९ साली सफियाशी लग्न झाले. मध्ये दीड-दोन वर्षे दिल्लीला रेडिओत काढली, तिथे आरिफ हा पहिला मुलगा तान्हेपणीच गेला. १९४२ साली तो पुन्हा मुंबईला परतला.

मुंबईने त्याला पोट भरायला सिनेमा दिला आणि लिहायला माणसे दिली. नागपाडा, फोरास रोड, तिथल्या बायका, दलाल, टांगेवाले, दादा. या लोकांकडे तो दयेने पाहत नसे, बरोबरीने पाहत असे. त्यापायी फाळणीपूर्वीच ‘काली शलवार’, ‘धुआँ’ आणि ‘बू’ या कथांवर अश्लीलतेचे खटले झाले. फिल्मिस्तानमध्ये अशोककुमारशी मैत्री जमली. १९४६ च्या ‘आठ दिन’मध्ये मंटोने एका वेडसर वैमानिकाची भूमिकाही केली. श्याम हा देखणा नट तर जिवाभावाचा मित्र. दोघे एकत्र पीत, भांडत, उसनवारी करत आणि ती विसरूनही जात.

त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत दंगल पेटली. पुढच्या वर्षी फाळणी झाली. सव्वा कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून निघाली. मेलेल्यांचा नेमका हिशेब कोणालाच लागला नाही, अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. त्या दिवसांतला एक प्रसंग मंटोने अशोककुमारवरच्या लेखात सांगितला आहे. अशोककुमार त्याला गाडीतून घरी सोडत होता. गाडी मुसलमानांच्या वस्तीत शिरली आणि समोरून वरात आली. या हिंदू नटाला काही झाले तर आपण तोंड कसे दाखवणार, या विचाराने मंटोचे हातपाय गळाले. लोकांनी अशोककुमारला ओळखले, पुढे वाट नाही असे सांगून आपुलकीने दुसरी गल्ली दाखवली. भीती खोटी ठरली; पण ती मंटोच्या मनातून गेली नाही.

पुढे अशोककुमार आणि सावक वाचा यांनी बॉम्बे टॉकीजचा कारभार हाती घेतला, मंटोही तिथे गेला. स्टुडिओत मुसलमान फार झाले, अशी धमकीची पत्रे येऊ लागली. धन्यांनी त्याला जा म्हटले नाही. तरी आपल्यामुळे यांच्यावर संकट येईल, हे त्याच्या मनाने घेतले.

आणि मग श्यामचा प्रसंग घडला. रावळपिंडीहून निसटून आलेले एक शीख कुटुंब आपल्यावर गुजरलेले सांगत होते. श्याम स्वतः तिकडेच वाढलेला. तो ऐकत होता, मंटोही शेजारी बसून ऐकत होता. बाहेर पडल्यावर मंटोने विचारले, मी मुसलमान आहे, मला मारावेसे तुला वाटले नाही का? श्यामने खरे तेच सांगितले. आता वाटत नाही; पण ते ऐकत होतो त्या वेळी कदाचित मारलेही असते.

श्याम खोटे बोलला असता तर कदाचित मंटो राहिला असता. मैत्री खरी होती, म्हणूनच उत्तर खरे आले. या उत्तराने मंटोला मित्राचा राग आला नाही. उलट आपल्या मनात काय दडले असेल, हेही त्याला कळून चुकले. सफिया मुलीला घेऊन आधीच लाहोरला गेली होती. जानेवारी १९४८ मध्ये तोही बोटीने कराचीमार्गे निघाला. बंदरावर निरोप द्यायला श्यामच होता.

हा प्रसंग मंटोने ‘सहाय’ कथेत वापरला. मित्राच्या तशाच एका वाक्याने मुंबई सोडणारा मुमताज बोटीवर एक आठवण सांगतो. सहाय नावाचा हिंदू दलाल आपल्याकडच्या प्रत्येक बाईची कमाई वेगळी सांभाळून ठेवी. दंगलीत जखमी होऊन मरताना त्याने एका मुसलमान मुलीचे दागिने आणि पैसे मुमताजच्या हाती दिले, तिला पोचवायला सांगितले. आयुष्यभर लोकांच्या ठेवी सांभाळण्याची नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला ही कथा वाचताना गलबलून येते. शहर पेटलेले, स्वतःचे प्राण चाललेले, आणि याला काळजी ठेव परत करण्याची!

१९९३ च्या जानेवारीनंतर आमच्या शाखेतल्या एका मुसलमान सहकाऱ्याने बदली मागून घेतली. पाच वर्षे आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला होता. त्याला कोणी काही बोलले नव्हते. मीही काही बोललो नव्हतो. जाऊ नकोस, एवढे दोन शब्दसुद्धा मी बोललो नाही. मंटो वाचल्यावर त्या मौनाचा अर्थ मला लागला.

लाहोरला मंटोचे बस्तान बसले नाही. ‘खोल दो’ छापणाऱ्या ‘नुकूश’वर सहा महिने बंदी आली. आपल्याच धर्माचे स्वयंसेवक निर्वासित मुलीची कशी विटंबना करतात, हे त्याने त्यात लिहिले होते. ‘ठंडा गोश्त’पायी तीन महिन्यांची सक्तमजुरी आणि तीनशे रुपये दंड झाला; वरच्या कोर्टांत तुरुंग टळला, दंड मात्र भरावा लागला. दारू वाढत गेली. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून कथा लिहायची, रोख पैसे घ्यायचे आणि गुत्ता गाठायचा, असा क्रम झाला. सफियाने आणि तीन मुलींनी त्यापायी जे सोसले, त्याला प्रतिभेची सबब चालणार नाही. दारू सोडवण्यासाठी त्याला वेड्यांच्या इस्पितळातही ठेवले होते. वेड्यांच्या वाटणीची ‘टोबा टेक सिंह’ ही कथा याच वर्षांतली. तिचा नायक दोन्ही सरहद्दींच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर प्राण सोडतो. १९५१ साली शूटिंगमध्ये घोड्यावरून पडून श्याम गेला. मंटोला ते लाहोरला कळले. त्याच्यावर त्याने जो लेख लिहिला, त्यात रागाचा एक शब्द नाही.

१८ जानेवारी १९५५ ला यकृताच्या विकाराने मंटो वारला. वय अवघे ४२. त्याच्या कथेवरचा सोहराब मोदींचा ‘मिर्झा गालिब’ आदल्या वर्षी मुंबईत तयार झाला होता. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आपल्या ‘श्यामची आई’ला मिळाले, दुसरे या चित्रपटाला. पदक दिले गेले तेव्हा मंटो हयात नव्हता. पाकिस्तानने त्याला २०१२ साली, जन्मशताब्दीच्या वर्षी, मोठा किताब दिला.

मान दोन्हीकडून मिळाला, तो उशिराच. मुंबईत ज्या घरी परत यावे असे त्याला अखेरपर्यंत वाटत होते, तिथला रस्ता आजही वाहता आहे. मागे एकदा मुद्दाम त्या बाजूला गेलो होतो. परत येताना त्या जुन्या सहकाऱ्याचा पत्ता शोधून काढला आणि पत्र टाकले. काय लिहावे सुचेना. डब्याबद्दलच लिहिले.