ज्या अनुवादावर अख्खं जर्मनी हसलं, तोच शंभर वर्षांनी डोक्यावर कसा घेतला गेला?

सोफोक्लीसची ग्रीक शोकांतिका मराठी वाचकाला नवी नाही. पुलंनी ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणलं, त्यालाही आता बराच काळ लोटला. पण याच नाटकाचा आणि सोबत ‘अँटिगनी’चा जर्मन अनुवाद करणाऱ्या एका कवीला त्या कामापायी लोकांनी सरळ वेडा ठरवलं होतं.

त्याचं नाव फ्रीडरिश होल्डर्लिन.

जन्म 1770 चा, नेकार नदीकाठच्या लाउफेन गावातला. वडील तो दोन वर्षांचा असताना गेले, नऊ वर्षांचा असताना सावत्र वडीलही गेले. पोरानं पाद्री व्हावं ही आईची इच्छा, म्हणून त्याला ट्यूबिंगेनच्या धर्मशिक्षण देणाऱ्या वसतिगृहात पाठवलं. तिथे त्याचे सोबती कोण, तर हेगेल आणि शेलिंग. पुढे जर्मन तत्त्वज्ञान गाजवणारी ही दोन नावं.

होल्डर्लिन पाद्री काही झाला नाही. श्रीमंतांच्या घरी मुलांची शिकवणी करून तो पोट भरू लागला. 1796 मध्ये फ्रँकफर्टच्या गोंटार्ड या बँकरच्या घरी नोकरी लागली आणि तो घरमालकिणीच्याच, सुझेटच्या प्रेमात पडला. 1798 मध्ये ते घर सुटलं. 1802 च्या सुरुवातीला तो फ्रान्समधल्या बोर्दोला शिकवणीसाठी गेला आणि काही महिन्यांतच परतला. परतला तेव्हा त्याची अवस्था ओळखीच्यांनाही बघवत नव्हती. त्याच जूनमध्ये सुझेट वारली.

सोफोक्लीसच्या अनुवादाचं काम त्याने पूर्ण केलं ते या काळात.

आता हा अनुवाद वेगळा का होता? तेव्हाच्या चांगल्या अनुवादकाकडून अपेक्षा अशी, की ग्रीक वाक्य गुळगुळीत जर्मनमध्ये यावं. होल्डर्लिनने उलटं केलं. ग्रीक शब्दांचा क्रम त्याने जर्मनमध्ये ओढून आणला, मग वाक्य अडखळलं तरी चालेल. देवांची नावंही त्याने तशीच ठेवली नाहीत. एके ठिकाणी झ्यूसला त्याने काळाचा पिता करून टाकलं, कारण त्याच्या मते आजच्या वाचकाला तेच जवळचं वाटणार होतं.

सगळ्यात गाजली ती ‘अँटिगनी’च्या सुरुवातीची एक ओळ. राजाज्ञा मोडून भावाला मूठमाती द्यायचं अँटिगनीने ठरवलंय. तिचा चेहरा बघून बहीण इस्मिनी विचारते, मनात काय चाललंय? इथल्या ग्रीक क्रियापदाचा शब्दकोशातला अर्थ मन ढवळून निघणं, खोल विचारात असणं. पण त्या शब्दाचा धागा समुद्रातल्या शिंपल्यापासून काढलेल्या जांभळट लाल रंगाशी जोडला जातो. होल्डर्लिनने अर्थ बाजूला ठेवला आणि रंग उचलला. त्याची अँटिगनी शब्दालाच लाल रंगवते.

1804 मध्ये फ्रँकफर्टच्या विल्मान्सने दोन खंड छापले. छपाईच्या चुका भरपूर. त्यात होल्डर्लिनच्या हाताशी ग्रीक मजकूर होता तो जुन्या, सदोष आवृत्तीचा, आणि ग्रीक व्याकरणात तो स्वतःही चुकत असे. म्हणजे टीका करणाऱ्यांकडे मुद्दे होतेच. पण टीका तिथे थांबली नाही. गटेच्या घरी जेवणाच्या वेळी ही लाल शब्दाची ओळ वाचल्यावर शिलर कसा हसत सुटला, ते तरुण फॉसने पत्रात लिहून ठेवलंय. हा माणूस वेडा आहे की वेड्याचं सोंग घेतोय, असाही प्रश्न त्याला पडला होता. हाच शिलर कधीकाळी होल्डर्लिनचा आधार होता, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

पुढचं सगळं भराभर घडलं. मित्र सिंक्लेअरने त्याला होम्बुर्गला ग्रंथपालाची नोकरी दिली, पगार स्वतःच्या खिशातून. 1805 मध्ये सिंक्लेअरलाच राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. 1806 मध्ये होल्डर्लिनला जबरदस्तीने ट्यूबिंगेनच्या रुग्णालयात नेलं. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी त्याला सोडलं ते फार तर तीन वर्षं जगेल असं सांगून.

तो 36 वर्षं जगला. त्सिमर नावाच्या सुताराने त्याची कादंबरी वाचली होती. त्याने होल्डर्लिनला नदीकाठच्या आपल्या घरात ठेवून घेतलं. त्या घराच्या बुरुजातल्या खोलीत तो पियानो वाजवायचा, आल्यागेल्याला चार ओळी लिहून द्यायचा आणि खाली भलत्याच नावाने, भलत्याच शतकातली तारीख टाकून सही करायचा. 7 जून 1843 ला तो गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्बर्ट फॉन हेलिंगराथ हा विशीतला अभ्यासक त्याच्या हस्तलिखितांच्या मागे लागला आणि या विस्मृतीतल्या कवीचं काम नव्याने छापू लागला. हेलिंगराथ 1916 मध्ये व्हर्दूनच्या लढाईत मारला गेला. 1923 मध्ये वॉल्टर बेंजामिनने अनुवादावरच्या निबंधात होल्डर्लिनचा सोफोक्लीस आदर्शासारखा मांडला. मात्र भाषा इतकी ताणली की अनुवादकच तिच्यात अडकून पडू शकतो, हा धोकाही त्याला तिथेच दिसला.

युद्ध संपल्यावर ब्रेख्टला रंगभूमीसाठी ‘अँटिगनी’ हवी होती. त्याने हाताशी घेतला तो होल्डर्लिनचा अनुवाद. स्वित्झर्लंडमधल्या खूर शहरात 1948 मध्ये प्रयोग झाला आणि हेलेन वायगल अँटिगनी म्हणून उभी राहिली. पुढच्याच वर्षी साल्झबुर्गला कार्ल ऑर्फने तोच अनुवाद संगीतात बांधून मंचावर आणला.