परशुरामभाऊ पटवर्धन

तासगावास ऋषिपंचमीच्या दिवशी गणपतीचा रथ निघतो, हे आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ज्यांनी तो पाहिला असेल त्यांस देवळापुढील सात मजली गोपुरही आठवत असेल. असे गोपुर आपल्या देशावरील देवळांस सहसा नसते. ती रीत कर्नाटकाकडील व त्याही पलीकडील मुलखाची. गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत एका मुलाने आम्हांस विचारले की, हे इकडे कसे आले? त्या वेळी गाडीची घाई असल्याकारणाने उत्तर अर्धवट राहिले. ते येथे पुरे करावे असा विचार आहे. कारण ज्या पुरुषाने हे मंदिर बांधविले त्याचे अर्धे आयुष्य कर्नाटकातील स्वाऱ्यांत गेले, आणि आमच्या सातारा-सांगलीच्या भूमीशी त्याचे चरित्र पदोपदी निगडित आहे.

परशुराम रामचंद्र पटवर्धन, लोकांच्या तोंडी परशुरामभाऊ, यांचा जन्म इ. स. १७४० च्या सुमाराचा. घराणे मूळ कोकणातील कोतवड्याचे. भाऊंचे आजोबा हरभट हे इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये होते. भिक्षुकाच्या घरातील मुलांनी पोथी ठेवून भाला हाती घ्यावा आणि एका पिढीच्या आत पेशवाईतील पहिल्या प्रतीचे सरदार व्हावे, असा तो काळ होता. भाऊंचे चुलते गोविंद हरी यांस मिरज मिळाली; भाऊंचे ठाणे तासगावास झाले.

थोरल्या माधवरावांनी पटवर्धनांस जी मोठी सरंजामी जहागीर दिली तिची जागा नकाशावर पाहण्यासारखी आहे. एका अंगास करवीरच्या छत्रपतींचे राज्य, दुसऱ्या अंगास कृष्णेपलीकडे वाढत चाललेली हैदरअल्लीची सत्ता. या दोहोंच्या मध्ये पेशव्यांनी हे घराणे आडसरासारखे बसविले. स्वार बाळगावेत, त्यांचा खर्च जहागिरीतून भागवावा आणि बोलावणे येताच स्वारीस हजर व्हावे, अशी व्यवस्था होती. परंतु आडसरास दोन्ही बाजूंनी धक्के बसावयाचेच. चिकोडी व मनोळी हे तालुके आपले, असे करवीरकरांचे म्हणणे, आणि त्यांच्या दृष्टीने ते खोटे नव्हते. पटवर्धन मात्र त्या मुलखात पेशव्यांच्या हुकमाने पाय रोवून बसले होते. छत्रपतींच्या घराण्याचा एक जुना पाटा आणि पेशव्यांचे एक नवे सरदार घराणे यांच्यात असे पिढीजात वैर उभे राहिले. वीस कोसांच्या अंतरावर राहणारे हे दोन शेजारी, दोघेही मराठी बोलणारे, एकाच कृष्णेच्या खोऱ्यातील.

म्हैसूरशी असलेले वैर निराळ्या जातीचे होते. इ. स. १७७७ मध्ये सावनूर प्रांती सौंशीच्या लढाईत पटवर्धनांपैकी कोन्हेरराव पडले आणि मिरजेचे पांडुरंगराव हैदराच्या हाती सापडून श्रीरंगपट्टणच्या कैदेतच वारले. पुढे टिपू सुलतानाने नरगुंदास वेढा घातला, तेव्हा तेथील भावे यांच्या मदतीस भाऊ धावले, पण ठाणे वाचले नाही. मध्यंतरी इ. स. १७८१ साली जनरल गॉडर्ड बोरघाटावर येऊन बसला असता कोकणात उतरून त्याची रसद मारण्याचे काम भाऊंनी असे चोख केले की, त्या सेनापतीस पनवेलीकडे मागे फिरावे लागले. ज्या इंग्रजांस त्यांनी असे उपाशी मारले त्यांच्याच खांद्यास खांदा लावून नऊ वर्षांनी त्यांस लढावे लागणार होते.

इ. स. १७९० च्या जूनमध्ये पुण्यास नाना फडणवीस व इंग्रज यांच्यात तह झाला. लवकरच निजामही त्यात सामील झाला. तिघांचा शत्रू एक, टिपू. तिघांची मने मात्र तीन. टिपू अगदी नाहीसा व्हावा असे नानांस वाटत नव्हते; तो नाहीसा झाला तर त्याच्या जागी कोण येणार, हे त्यांस पक्के ठाऊक होते. भाऊंस मराठ्यांच्या आघाडीचे सेनापतिपद मिळाले. मुंबईहून कॅप्टन लिटल हा शिपायांच्या दोन पलटणी व थोडा तोफखाना घेऊन संगमेश्वरच्या खाडीत उतरला, भर पावसाळ्यात आंबा घाट चढला आणि तासगावनजीक भाऊंस येऊन मिळाला. नंतर दोन्ही फौजा फुगलेली कृष्णा ओलांडून सप्टेंबरात धारवाडापुढे जाऊन बसल्या.

धारवाडचा वेढा साडेसहा महिने चालला. किल्ल्यात बद्रुज्जमानखान हा शूर व चिवट सरदार होता हे खरे. परंतु एवढ्या विलंबाचे मुख्य कारण तो नव्हता. कारण होते दारूगोळा. भाऊंच्या तोफा नाना घडणीच्या, गाडे मोडकळीस आलेले, दारू कमी कसाची. लिटलच्या फौजेत मूर नावाचा एक तरुण अंमलदार होता. त्याने पुढे या मोहिमेचा वृत्तांत छापला, आणि त्यात मराठ्यांच्या तोफा डागण्याची जी हकीकत दिली आहे ती वाचून हसावे की रडावे हे समजत नाही. एक बार काढावा, मग गोलंदाजांनी गुडगुडी ओढीत गप्पा माराव्यात, पुन्हा सावकाश तोफ भरावी. दुपारी तर जेवणासाठी दोन्ही बाजूंनी गोळीबार थांबावा! मूर परका होता आणि परक्याची चेष्टा थोडी वजा करून घ्यावी. तरीही भिंतीस खिंडार पडत नव्हते ही गोष्ट राहतेच. बरे, इंग्रजांपाशी तरी सामान होते काय? तेही मुंबईकडे डोळे लावून बसले होते. कर्नल फ्रेडरिक डिसेंबरात कुमक घेऊन आला, फेब्रुवारीत त्याने हल्ला केला, तो फसला, आणि त्या निराशेतच मार्च महिन्यात त्याचा अंत झाला.

पेशवाईत तोफा व गोळे ओतण्याचे काम होत नसे असे नाही. जुन्नरजवळ आंबेगव्हाण येथे आणि पुण्यास असे कारखाने होते. परंतु ते नेटाने वाढविले कोणी नाहीत. टिपूने मात्र श्रीरंगपट्टण, बंगळूर, चित्रदुर्ग व बिदनूर येथे बंदुका, तोफा आणि लोखंडी नळीचे बाण तयार करण्याची ठाणी घातली होती. तिकडून येणारे ते अग्निबाण पाहूनच पुढे इंग्रजांनी आपले बाण बनविले. भाऊंसारखा सेनापती घोडदळ चालविण्यात कोणास हार जाणारा नव्हता. पण तटापुढे घोडा काय करणार? दारूसाठी मित्राकडे पाहावे, आणि मित्राने समुद्राकडे पाहावे, अशी ती स्थिती होती. अखेरीस एप्रिल १७९१ च्या आरंभी किल्ला तहाने हाती आला. बाहेर पडलेल्या शिबंदीशी वाटेत चकमक होऊन बद्रुज्जमानखान जखमी झाला व कैद झाला. दोष कोणाचा याविषयी मतभेद आहे, पण भाऊंच्या छावणीचे नाव त्याने उजळले नाही.

त्याच सुमारास याहून वाईट गोष्ट घडली. भाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारू टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मूर्तीचा अपमान झाला, माणसे मेली, शंकराचार्यांस स्थळ सोडावे लागले. त्या मठाच्या जीर्णोद्धारास द्रव्य पाठविले ते टिपूने. ज्या भाऊंनी तासगावास एवढे देवालय उभारले त्यांच्याच निशाणाखाली हे घडले, हे आम्ही मुलांपासून लपवू इच्छीत नाही. पेंढारी व लमाण यांस पगार नसे, लूट हाच त्यांचा पगार. अशी माणसे बरोबर घेणारा सेनापती त्यांच्या कृत्यांतून मोकळा होत नाही.

आता त्या मोहिमेतील दुसरा प्रसंग पाहा. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचला, पण त्याचे बैल मेले, धान्य संपले, रोगराई पसरली. मराठे कोठे आहेत याची त्यास वार्ताही नव्हती, कारण टिपूचे स्वार मधल्या मध्ये जासूद पकडीत होते. त्याने आपल्याच हाताने वेढ्याच्या मोठ्या तोफा फोडल्या आणि तो माघारी फिरला. मेलुकोट्याच्या बाजूस समोरून धूळ उडताना दिसली. शत्रूच आला असे समजून इंग्रज लढाईस उभे राहिले, तो ती हरिपंत फडके व परशुरामभाऊ यांची फौज निघाली. त्या फौजेबरोबर चालता-फिरता बाजार होता. धान्य, तूप, कापड, काश्मिरी शाली, एवढेच नव्हे तर विलायती चाकूसुद्धा तेथे विकावयास होते. भाव मात्र असे चढे की मित्रत्वाची सूट एका पैशाची नव्हती! तरीही त्या बाजाराने एक उपाशी सैन्य जगविले. धारवाडापुढे इंग्रजी दारूची वाट पाहणारे भाऊ आणि येथे मराठी धान्यावर जगणारे इंग्रज, असे ते सख्य होते. एकमेकांवाचून कोणाचेच चालत नव्हते आणि एकमेकांवर विश्वास कोणाचाच नव्हता. त्यामुळेच फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणावर निर्णायक हल्ला झाला तेव्हा भाऊ तेथे नव्हते; शिमोगे घेऊन ते बिदनूरच्या समृद्ध मुलखाकडे वळले होते. मार्चमध्ये तह होऊन टिपूचे निम्मे राज्य तिघांनी वाटून घेतले.

असल्या संयुक्त फौजांची गोष्ट केवळ आपल्याच इतिहासात आहे असे नाही. पश्चिम आफ्रिकेतील देशांनी आपला एक आर्थिक संघ केला आणि इ. स. १९९० मध्ये लायबेरियातील यादवी थांबविण्यासाठी नायजेरियाच्या पुढाकाराने त्यांनी संयुक्त सैन्य धाडले, तेव्हा काही शेजारी देशांस यादवीपेक्षा नायजेरियाचेच भय अधिक वाटले. पुढे माली, बुर्किना फासो व नायजर यांनी इ. स. २०२३ मध्ये आपापसांत निराळा संरक्षणाचा करार केला आणि जानेवारी २०२५ मध्ये ते त्या संघातून बाहेर पडले. धारवाडचा वेढा ज्याने वाचला आहे त्यास हे फारसे नवे वाटणार नाही.

भाऊ घरी परतले तो करवीरचे भांडण उभेच. इ. स. १७९३ च्या सुमारास त्यांचे पुत्र रामचंद्र आप्पा यांचा आळत्याजवळ करवीरकरांनी पराभव करून त्यांस पकडले. पण छत्रपतींनी त्यांस मानाची वस्त्रे देऊन परत पाठविले. हा उदारपणा दोन्ही घराण्यांस शहाणपणाकडे नेता. तसे झाले नाही. भाऊंनी फौजेसह कोल्हापुरास वेढा दिला आणि दंड कबूल करविला. ज्या हातांनी मुलास वस्त्रे दिली त्यांच्याकडून दंड घेणे ही भाऊंच्या आयुष्यातील मोठी चूक होती, असे आम्हांस वाटते.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास निजामाशी लढाई झाली. शिंदे, होळकर, भोसले अशा सर्वांच्या फौजा एकत्र आल्या होत्या, आणि त्या सर्वांचे आधिपत्य परशुरामभाऊंकडे होते. भाऊ स्वतः जखमी झाले, घराण्यातील विठ्ठलराव पडले, पण जय मिळाला. सारे मराठे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकवटले ते हे शेवटचेच.

त्याच वर्षी सवाई माधवराव वारले आणि पुण्यात जो गोंधळ माजला त्यात भाऊंचे पाऊल घसरले. प्रथम नानांच्या सांगण्यावरून त्यांनी बाजीरावास शिवनेरीहून आणले. मग त्यास बाजूस सारून चिमाजी आप्पास गादीवर बसविले. पुढे नाना व भाऊ यांचेच बिनसले. नानांनी महाडास बसून जी सूत्रे हलविली त्यांत एक सूत्र करवीरचे होते. छत्रपतींची फौज भाऊंच्या जहागिरीत शिरली आणि तासगावचा वाडा जळाला. ज्या पेशवाईने पटवर्धनांस करवीरवर पहारा करण्यास बसविले तिच्याच कारभाऱ्याने करवीरकरांस पटवर्धनांवर सोडले! भाऊ तिकडे कैदेत पडले होते.

त्यांची सुटका झाली ती साताऱ्यामुळे. इ. स. १७९८ मध्ये साताऱ्याच्या शाहू महाराजांनी किल्ला आपल्या ताब्यात घेतला आणि तो सोडण्यास नकार दिला. बाजीरावाने पाठविलेले माधवराव रास्ते हात हालवीत परतले. तेव्हा कैदेतील म्हाताऱ्या सेनापतीची आठवण झाली. भाऊंनी फौज जमविली, भर पावसाळ्यात ते साताऱ्यावर चालून गेले आणि शहर व किल्ला त्यांनी परत घेतला. महाराजांचे बंधू चतुरसिंग निसटले व कोल्हापुराकडे गेले. काम होताच फौज मोडण्याचा हुकूम आला. पगार चुकविल्यावाचून शिपायांस घरी कसे पाठवावे, असा पेच भाऊंपुढे होता, आणि त्यांनी फौज मोडली नाही.

इ. स. १७९९ च्या आरंभी इंग्रजांनी टिपूवर पुन्हा शस्त्र उचलले. मराठ्यांची तुकडी भाऊंच्या हाताखाली जावयाची होती; पुण्याच्या चालढकलीमुळे ती गेलीच नाही. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले व टिपू मारला गेला. नानांस ज्याचे भय होते ते झाले. भाऊंस मात्र पाठविण्यात आले ते करवीरवर. सप्टेंबरात निपाणीच्या बाजूस पट्टणकुडी येथे लढाई झाली. करवीरकडून स्वतः छत्रपती व रत्नाकरपंत राजाज्ञा होते. भाऊंचा पराभव झाला व ते प्राणघातक जखमी होऊन पडले. पकडल्यावर त्यांस मारले असे काही सांगतात, रणातच प्राण गेला असे काही. दोन्ही बखरी आपापल्या धन्याच्या आहेत.

रामचंद्र आप्पांनी शिंद्यांच्या कवायती पलटणी आणून कोल्हापुरास वेढा दिला. मार्च १८०० मध्ये नाना वारले, पुण्याचे राजकारण फिरले आणि वेढा उठला. पुढच्याच वर्षी चिंतामणराव मिरजेहून वेगळे होऊन सांगलीस गेले. भाऊंच्या मुलांनी १८११ मध्ये तासगाव व जमखंडी अशी वाटणी केली. तासगाव १८४८ साली औरस वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केले. साताऱ्याचे राज्यही त्याच साली गेले. पट्टणकुडी आज कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. देवालयाचे काम भाऊंच्या हयातीत वीस वर्षे चालले होते. ते पुरे झाले ते त्यांच्या मृत्यूच्या सुमारास.