हात न लावता वाजणारं वाद्य सगळ्यांना खेळणं वाटत होतं, क्लारा रॉकमोरनं त्यातून संगीत काढून दाखवलं

स्टेजवर एक बाई उभी आहे. समोर लाकडाची एक पेटी. पेटीच्या उजव्या बाजूला सरळ उभा धातूचा दांडा, डाव्या बाजूला वाकवलेली एक कडी. बाई दोन्ही हात हवेत धरते. तिचा हात कशालाच लागत नाही. तार नाही, पट्टी नाही, भोक नाही, कातडं नाही. तरी सूर येतो, आणि तोही कसा, तर गाणाऱ्या बाईच्या गळ्यासारखा.

हे वाद्य म्हणजे थेरेमिन. आणि ती बाई म्हणजे क्लारा रॉकमोर.

आज थेरेमिन म्हटलं की लोकांना जुने इंग्रजी भुताचे सिनेमे आठवतात. अंधार, वाडा, धुकं आणि मागे 'ऊऊऊ' करत वर-खाली होणारा आवाज. पण क्लारानं आयुष्यभर हाच शिक्का पुसायचा प्रयत्न केला. तिचं म्हणणं साधं होतं. ही जादू नाही, हे वाद्य आहे, आणि वाद्य म्हटलं की रियाज आला.

गोष्ट सुरू होते व्हायोलिनपासून

क्लारा रायझेनबर्गचा जन्म ९ मार्च १९११ चा. गाव विल्नियस. आज ते लिथुआनियाची राजधानी आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू कुटुंबाचं. मोठी बहीण नादिया पियानो वाजवायची आणि पुढं ती स्वतः नावाजलेली पियानोवादक झाली.

क्लाराचा कान मात्र काही वेगळाच होता. एखादा सूर कानावर पडला की कुठल्याही आधाराशिवाय तो नेमका कोणता, हे तिला सांगता यायचं. सुरांची ही जाण फार थोड्या लोकांना असते. चार-पाच वर्षांची असतानाच तिला तेव्हाच्या पेट्रोग्राडमधल्या, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमधल्या नामांकित संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. पोर इतकी लहान की परीक्षकांना दिसावी म्हणून तिला टेबलावर उभं करून वाजवायला लावलं, असं सांगतात. तिथं तिला गुरू मिळाले लिओपोल्ड ऑअर. त्या काळातले जगातले थोर व्हायोलिनवादक ज्यांच्या हाताखालून गेले, ते हे ऑअर.

म्हणजे सगळं ठरल्यासारखंच होतं. मुलगी मोठी होणार, व्हायोलिनवर नाव काढणार.

पण १९१७ साली रशियात क्रांती झाली. पाठोपाठ यादवी आणि अन्नाची टंचाई. कुटुंब आधी विल्नियसला परतलं, तिथून वॉर्साला गेलं आणि १९२१ च्या शेवटी न्यूयॉर्कला पोचलं. या प्रवासात दोघी बहिणींनी कार्यक्रम करून घरखर्चाला हातभार लावला. ऑअरही तोवर अमेरिकेत आले होते. क्लाराचं शिक्षण पुन्हा त्यांच्याकडे सुरू झालं.

आणि इथंच घात झाला. लहानपणी पोटभर न मिळाल्यानं तिची हाडं कमजोर राहिली होती. ज्या हातानं गज ओढायचा तोच हात दुखायला लागला. दुखणं इतकं वाढलं की ऐन तारुण्यात तिला व्हायोलिन कायमचं खाली ठेवावं लागलं.

कान तयार होता, डोक्यात संगीत भरलेलं होतं, आणि हात नाही म्हणत होता.

तेवढ्यात न्यूयॉर्कमध्ये एक रशियन शास्त्रज्ञ आला

त्याचं नाव लेव्ह टर्मन. पाश्चात्त्य जगात तो लिऑन थेरेमिन म्हणून ओळखला जातो. तो भौतिकशास्त्रज्ञ होता आणि चेलोही वाजवायचा. १९२० च्या सुमारास तो पेट्रोग्राडच्या एका संशोधन संस्थेत विद्युत उपकरणांवर काम करत होता. आपला हात जवळ नेला की उपकरणातून येणाऱ्या आवाजाची पट्टी बदलते, हे त्याच्या लक्षात आलं. चेलो वाजवणारा माणूस असल्यानं त्याला त्या आवाजात वाद्य दिसलं.

आता हे वाद्य चालतं कसं, ते थोडक्यात समजून घेऊ.

पेटीच्या आत दोन विद्युत कंपनं चालू असतात. दोन्ही इतकी वेगवान की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. त्यातलं एक कायम स्थिर असतं. दुसरं उभ्या दांड्याला जोडलेलं असतं. आपलं शरीर विजेचा थोडासा भार साठवू शकतं, त्यामुळं हात दांड्याजवळ नेला की दुसऱ्या कंपनाचा वेग बदलतो. या दोन वेगांमधला जो फरक, तोच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. उजवा हात दांड्याजवळ नेला की सूर चढतो, लांब नेला की उतरतो. डावा हात कडीवर असतो. तो वर उचलला की आवाज मोठा होतो, खाली आणला की बारीक होत होत बंद.

ऐकायला सोपं वाटतं, पण वाजवायला हे महाकठीण.

पेटीला सुरांच्या पट्ट्या असतात. सतारीला पडदे असतात. सारंगीला आणि व्हायोलिनला पडदे नसतात, पण बोट टेकायला तार तरी असते. थेरेमिनवर बोट टेकायला काहीच नाही. हात केसभर हलला की सूर घसरला. मान हलवली, अंग झुकवलं, कुणी जवळून चालत गेलं, तरी सूर बदलतो. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधले सगळे सूर घासून निघतात. आपल्याकडं मींड ही सौंदर्याची गोष्ट आहे, पण प्रत्येक जागी मींडच यायला लागली तर ऐकणारा उठून जाईल.

टर्मननं हे यंत्र १९२२ मध्ये खुद्द लेनिनला वाजवून दाखवलं. पुढं युरोपात कार्यक्रम केले आणि १९२७ च्या शेवटी तो न्यूयॉर्कला आला. १९२८ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. १९२९ मध्ये आरसीए या बड्या रेडिओ कंपनीनं हे वाद्य बाजारात आणलं. जाहिरातीचा सूर असा की हे कुणालाही वाजवता येईल. लोकांनी घरी नेऊन हात हलवून पाहिले, तर मांजर ओरडल्यासारखा आवाज. त्यातच शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. जेमतेम ५०० नग तयार झाले आणि धंदा गुंडाळला गेला.

थोडक्यात, जगानं निकाल देऊन टाकला होता की हे खेळणं आहे.

हवेत बोटं ठेवायची कुठं?

क्लारा आणि टर्मन यांची ओळख याच काळात न्यूयॉर्कमध्ये झाली. तिनं यंत्रावर हात धरून पाहिला आणि तिला ते जमायला लागलं. त्याचं कारण तिचा कान. बोटाला आधार नसला तरी सूर बरोबर की चूक हे तिला तत्क्षणी कळायचं, आणि कुणाला कळायच्या आत हात दुरुस्त व्हायचा.

पण नुसत्या कानावर ती थांबली नाही. तिनं या वाद्यासाठी बोटांची स्वतःची पद्धत तयार केली. अख्खा हात मागं-पुढं करण्याऐवजी मनगट एका जागी धरायचं, बोटं मिटून सुरुवात करायची आणि एकेक बोट ठरावीक अंतर उघडत पुढचा सूर गाठायचा. जणू हवेतच एक अदृश्य तार आहे आणि तिच्यावर बोटं पडतायत. डाव्या हातानं क्षणभर आवाज दाबायचा, तेवढ्यात उजवा हात पुढच्या सुरावर न्यायचा, म्हणजे मधलं घासणं ऐकू येत नाही. आणि हे सगळं करताना अंग पुतळ्यासारखं स्थिर.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिनं यंत्र बनवणाऱ्यालाच कामाला लावलं. या यंत्रात काय काय कमी आहे, ते वादक म्हणून तिनं टर्मनला सांगितलं. त्याचा आवाका तीन सप्तकांचा होता, तिला पाच हवी होती. डाव्या हाताला यंत्र उशिरा दाद द्यायचं, त्यामुळं तुटक, झटपट सूर काढता येत नव्हते. पेटी इतकी उंच की वाजवणारा मागं झाकला जायचा. टर्मननं या मागण्या लक्षात घेऊन खास तिच्यासाठी वेगळं वाद्य बांधलं. पुढं आयुष्यभर तिची साथ केली ती याच वाद्यानं.

टर्मनचा जीव मात्र फक्त वाद्यात गुंतला नव्हता. तिच्या अठराव्या वाढदिवसाला त्यानं एक केक आणला. ती जवळ गेली की केक आपोआप फिरायचा आणि वरचा दिवा लागायचा. त्यानं तिला लग्नाची मागणीही घातली, एकदा नाही, अनेकदा. तिनं लग्न केलं ते वकील रॉबर्ट रॉकमोर यांच्याशी. टर्मनशी मैत्री मात्र तिनं तोडली नाही.

टाऊन हॉल, १९३४

३० ऑक्टोबर १९३४ ला न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये क्लाराचा थेरेमिनचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. तिनं चमत्कार दाखवायचं टाळलं. पक्ष्यांचे आवाज नाहीत, भोंगे नाहीत. व्हायोलिन किंवा चेलोवर वाजतं तेच अवघड संगीत तिनं हवेतून काढलं. लोक गंमत बघायला आले असतीलही, पण समोर जे आलं ती रीतसर मैफल होती.

पुढं लिओपोल्ड स्टोकोव्स्कीसारख्या दिग्गज संचालकाबरोबर तिनं काम केलं. अनिस फुलेहान या संगीतकारानं तिच्यासाठी थेरेमिन आणि वाद्यवृंदाची स्वतंत्र रचना केली आणि १९४५ मध्ये स्टोकोव्स्कीच्याच संचालनाखाली ती पहिल्यांदा वाजली. पॉल रॉब्सन यांच्याबरोबर तिनं अमेरिकाभर दौरे केले. रॉबर्ट रॉकमोर हे रॉब्सन यांचे वकील आणि कामकाज पाहणारे होते. आणि हे रॉब्सन म्हणजे तेच, ज्यांच्या मिसिसिपी नदीवरच्या गाण्यावरून भूपेन हजारिकांना आपलं गंगेचं गाणं सुचलं.

सिनेमानं आवाज पळवला, रशियानं माणूस

१९३८ मध्ये टर्मन न्यूयॉर्कमधून अचानक दिसेनासा झाला. त्याला पळवून नेलं असं अनेकांना वाटलं. तो कर्जात बुडाला होता, हेही खरं. सोव्हिएत रशियात परतल्यावर १९३९ मध्ये त्याला अटक झाली आणि आठ वर्षांची शिक्षा. आधी कोलिमाच्या जीवघेण्या छावणीत, मग कैदी शास्त्रज्ञांच्या गुप्त प्रयोगशाळेत. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला शाळकरी मुलांच्या हस्ते भेट दिलेल्या लाकडी राजमुद्रेत जे हेरगिरीचं यंत्र लपवलं होतं, ते याच माणसाच्या डोक्यातलं. ते सापडायला सात वर्षं लागली. बाहेरच्या जगात बहुतेकांनी टर्मनला मेलेलंच धरलं होतं.

इकडं हॉलिवूडला थेरेमिनचा आवाज सापडला. १९४५ चा 'स्पेलबाऊंड', १९५१ चा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' अशा सिनेमांत तो वाजला, पण वाजवणारे होते सॅम्युएल हॉफमन. वेड, भीती, परग्रहावरचे लोक, असं काही दाखवायचं असलं की थेरेमिन हे समीकरणच झालं. क्लाराला या भुताटकीत रस नव्हता. पण सिनेमा घरोघरी पोचतो, मैफल पोचत नाही. आवाज प्रसिद्ध झाला, तो मात्र तिला नको होता त्या कारणासाठी.

१९६२ मध्ये क्लारा पतीबरोबर मॉस्कोला गेली. तिथं तिला कळलं, टर्मन जिवंत आहे. परदेशी माणसाशी बोलणं त्याच्यासाठी धोक्याचं होतं, त्यामुळं दोघांची भेट उघड्यावर झाली नाही. ती भेटली त्याला भुयारी रेल्वेच्या गर्दीत.

वयाच्या ६६ व्या वर्षी पहिला अल्बम

या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात बोचणारी बाब ही की, क्लारा ऐन भरात होती तेव्हाचा तिचा एकही स्वतंत्र अल्बम निघाला नाही.

तो निघाला तो एका चाहत्यामुळं. रॉबर्ट मूग. विद्यार्थिदशेपासून हा माणूस थेरेमिन बनवून विकायचा. त्यातूनच पुढं त्यानं १९६० च्या दशकात मूग सिंथेसायझर आणला. आज लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जो कीबोर्ड वाजतो, त्याच्या घराण्यातला हा मोठा पूर्वज. मूग पतीपत्नींनी १९७५ मध्ये क्लाराचं वादन ध्वनिमुद्रित केलं. पियानोवर साथीला बहीण नादिया. रॅखमनिनॉफ, सेंट-सेन्स, चायकोव्हस्की यांच्या रचना. १९७७ मध्ये 'द आर्ट ऑफ द थेरेमिन' नावानं हा अल्बम आला. टाऊन हॉलच्या मैफलीला तोवर ४३ वर्षं होऊन गेली होती.

१९९१ मध्ये नव्वदी पार केलेला टर्मन न्यूयॉर्कला आला आणि दोघं पुन्हा भेटले. स्टीव्हन मार्टिन यांच्या १९९३ च्या माहितीपटात हे दोन म्हातारे जीव एकमेकांसमोर दिसतात. त्याच वर्षी मॉस्कोत टर्मन गेला. १० मे १९९८ ला न्यूयॉर्कमध्ये क्लारा गेली. ९ मार्च २०१६ ला गुगलनं तिच्या वाढदिवसानिमित्त डूडल केलं, त्यात माऊस फिरवून थेरेमिन वाजवता यायचं. खूप जणांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा.

यंत्र टर्मननं शोधलं, यात वाद नाही. पण यंत्राचं वाद्य व्हायला कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहून त्याला सुरात आणावं लागतं. हातानं साथ सोडलेल्या एका व्हायोलिनवालीनं ते काम केलं. आज कुणी थेरेमिन मनापासून शिकायला घेतलं की त्याला सेंट-सेन्सचा 'द स्वान' ऐकायला सांगतात. क्लारानं वाजवलेला.