जगाच्या शेवटाचा हिशेब मांडणारा नेपियर

आजचा वाचनभाग : मत्तय २४:३६

हे वचन आलं की मला हमखास जॉन नेपियर आठवतो. हो, तोच, लॉगॅरिदमवाला!

नेपियरचा जन्म १५५० चा, स्कॉटलंडमधल्या एडिनबरोजवळच्या मर्चिस्टनच्या गढीतला. तेराव्या वर्षी तो सेंट अँड्र्यूजला शिकायला गेला. तिथे प्रकटीकरणावरची प्रवचनं कानावर पडली आणि त्या पुस्तकाने त्याला जे धरलं ते कायमचं. १५९३ साली त्याने प्रकटीकरणावर भाष्य छापलं. कर्णे, वाट्या, वर्षं, सगळ्याचा हिशेब घालून जगाचा शेवट १६८८ ते १७०० च्या दरम्यान येतो असं त्याने मांडलं. पुस्तक गाजलं, डच, फ्रेंच, जर्मनमध्येही गेलं. आपलं खरं काम हेच, असं त्याला वाटे. गणित हा फावल्या वेळचा छंद.

त्या छंदाला त्याने जवळजवळ वीस वर्षं दिली. तेव्हा खगोलशास्त्रज्ञांचे दिवसच्या दिवस लांबलचक गुणाकारांत जात. नेपियरने दोन रेषांवरून जाणारे दोन बिंदू कल्पिले, एक सारख्या वेगाचा, दुसरा हळूहळू मंदावणारा. त्यांतून गुणाकाराचं काम बेरजेवर आणणारी कोष्टकं १६१४ साली छापली. गंमत म्हणजे यात घातांक कुठेच नव्हते! लॉग म्हणजे घातांक, हे नातं पक्कं केलं ऑयलरने, अठराव्या शतकात. आपण मात्र तिथूनच सुरुवात करतो, आणि १० च्या डोक्यावर ‘२ लॉग ५’ दिसलं की गडबडतो. पाया दोन्हीकडे १०. पण लॉगपुढे २ उभा असताना १० आणि लॉग खोडायचे नाहीत (बारावीत मी तेच करून १० उत्तर लिहिलं होतं). आधी तो २ आत न्यायचा, ५ चा वर्ग २५ होतो, मग खोडायचं. उत्तर २५.

१६१५ साली हेन्री ब्रिग्ज लंडनहून मुद्दाम त्याला भेटायला आला. पाया १० चा केला तर सोपं जाईल, यावर दोघांचं एकमत झालं. नेपियरची तब्येत खालावली होती, म्हणून नवी कोष्टकं त्याने ब्रिग्जवर सोपवली. ४ एप्रिल १६१७ ला तो वारला.

१६८८ आलं, गेलं. १७०० ही गेलं. मला त्याला हसावंसं वाटत नाही. आजचं वचन त्याला पाठच असणार, आणि तरी त्याने पित्याने राखून ठेवलेल्या दिवसाचा हिशेब मांडला. तो चुकला. ज्याला तो छंद समजत होता, त्या लॉगची कोष्टकं १७०० सालीही खलाशी समुद्रावर उघडत होते.

उद्याचा वाचनभाग : मत्तय २४:३७-४४