सेकंडहँड दुर्बिणीचा धनी : राधागोविंद चंद्र

दुर्बीण म्हटली की डोळ्यांसमोर येते डोंगरावरची मोठी वेधशाळा आणि तिथले मोठमोठे शास्त्रज्ञ. पण सरकारी खजिन्यात नाणी पारखणाऱ्या एका माणसाने घरूनच ताऱ्यांचे ३७,२१५ वेध घेतले, तेही शेवटपर्यंत हौस म्हणून! त्यांचे नाव राधागोविंद चंद्र.

जन्म १८७८ चा, बंगालमधल्या जशोर जिल्ह्यातल्या बागचर गावचा. शाळेच्या पुस्तकात विश्वाच्या पसाऱ्यावरचा एक धडा होता. तो वाचला आणि पोराचे लक्ष जे आकाशाकडे गेले ते गेलेच. अभ्यासाचे मात्र तीनतेरा वाजले. एन्ट्रन्स परीक्षेत ते तीनदा नापास झाले. आपल्याकडे एक बॅक लागली तरी माणूस आठवडाभर मेसमध्ये धड जेवत नाही, इथे तर कॉलेजचा दरवाजाच बंद झाला. शेवटी जशोरच्या खजिन्यात नोकरी धरली. दिवसभर नाणी मोजायची, रात्री तारे.

जशोरमधले एक वकील, कालीनाथ मुखर्जी, ताऱ्यांचे नकाशे तयार करत होते. त्यांच्या हाताखाली राधागोविंदांनी नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखायला शिकून घेतले. १९१० साली हॅलेचा धूमकेतू आला, तो त्यांनी साध्या द्विनेत्रीने पाहिला आणि टिपणे ठेवली. १९१२ साली इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागवली. कारकुनी पगारात ही चैन कशी परवडली असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

खरी परीक्षा ७ जून १९१८ च्या रात्री झाली. गरुड तारकासमूहात एक ठळक तारा दिसला, जो नकाशात नव्हता! तो नवतारा होता. जगात इतरही अनेकांना तो स्वतंत्रपणे दिसला, पण राधागोविंदांना तो ओळखता आला, कारण बाकीचे तारे त्यांना तोंडपाठ होते. त्यांनी आपली निरीक्षणे हार्वर्ड वेधशाळेकडे धाडली. तिथून बदलत्या ताऱ्यांचे वेध घेणाऱ्या अमेरिकन हौशी निरीक्षकांच्या संस्थेशी त्यांचा संबंध जुळला.

हे काम असते तरी काय? काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होतो. शेजारच्या ठरलेल्या तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून तो अंदाजायचा, तारीख-वेळ लिहायची आणि पाठवायचे. एका नोंदीला फारशी किंमत नाही. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी जोडल्या की आलेख उभा राहतो. शिवाय अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र, म्हणून जशोरच्या नोंदींना तिथे मोल होते.

१९२६ मध्ये संस्थेने त्यांना सव्वासहा इंची दुर्बीण पाठवली. ती नवी कोरी नव्हती, चार्ल्स एल्मर यांच्याकडची होती. हे एल्मर पुढे पर्किन-एल्मर कंपनीचे एक संस्थापक झाले, आणि याच कंपनीने नंतर हबल दुर्बिणीचा आरसा घासला. आता इंजिनिअरच्या डोक्याने बघा. भिंगाचा व्यास दुपटीहून थोडा जास्त, म्हणजे क्षेत्रफळ सव्वाचार पटीहून जास्त. तेवढाच जास्त उजेड. जुन्या दुर्बिणीत ज्यांचा मागमूस नव्हता असे अंधुक तारे आता त्यांच्या आवाक्यात आले.

पण १९४७ ला फाळणी झाली. जशोर पाकिस्तानात गेले आणि राधागोविंदांना घरदार सोडून पश्चिम बंगालमधल्या बारासातला यावे लागले. दुर्बीण त्यांनी सोडली नाही. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांच्या वसाहती आहेत. गाव सुटताना काय बरोबर घ्यायचे आणि काय मागे टाकायचे, हे तिथल्या जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. वयाची सत्तरी ओलांडल्यावरही, १९५४ पर्यंत, त्यांनी नोंदी पाठवल्या. डोळे थकले तेव्हा दुर्बीण कपाटात ठेवली नाही, ती वेणू बापू या तरुण भारतीय खगोलशास्त्रज्ञाकडे गेली. पुढे ती तामिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत पोहोचली. राधागोविंद १९७५ साली गेले, पैशाने गरीबच.

दोस्तांनो, जुनी दुर्बीण मिळाली की पहिल्या रात्री बहुतेकांची निराशा होते. स्टँड डुगडुगतो, चित्र उलटे दिसते, पृथ्वी फिरत असल्याने तारा पटकन बाहेर सरकतो आणि कितीही मोठे केले तरी ठिपक्याचा ठिपकाच राहतो. राधागोविंदांनी त्या ठिपक्याचा उजेड मोजला. आपल्याला तर सुरुवातीला दुर्बीणही नको. हिवाळ्यात मृगातला तांबूस काक्षी तारा बघा, रोहिणी आणि प्रश्वाशी ताडून पाहा. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो नुसत्या डोळ्यांना कळेल इतका मंदावला होता. नवेगावबांधकडे अजून काळेभोर आकाश शिल्लक आहे. आणि होस्टेलची लाइट गेली तर बोंबलण्यापेक्षा वही घेऊन गच्चीवर जा. पहिली नोंद करायला तेवढा अंधार पुरतो.