टायरमध्ये हवा भरणारा जनावरांचा डॉक्टर

मायलेज वाढेल म्हणून मी बरेच महिने कारच्या टायरमध्ये जास्त हवा भरून घ्यायचो. मायलेजचा फरक काही कळला नाही, पण प्रत्येक खड्डा मणक्यात जाणवायला लागला. पावसात ब्रेक मारला की गाडी घसरायची. शेवटी पंक्चरवाल्याने टायर काढून दाखवला. मधल्या नक्षीच्या खाचा गायब, कडा मात्र जवळजवळ नव्या. खाचाच नाहीत तर टायरखालचं पाणी जाणार कुठून?

हवेचं हे गणित आधी कुणी मांडलं ते बघायला गेलो आणि जॉन बॉइड डनलॉप भेटला. जन्म १८४०, स्कॉटलंड. शिक्षण जनावरांच्या डॉक्टरचं! बेलफास्टमध्ये त्याचा दवाखाना छान चालला होता.

१८८७ मध्ये त्याचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा. चाकांना भरीव रबर, रस्ते दगडी, त्यामुळे पोरगा नुसता हादरायचा. डनलॉपने एक लाकडी चकती घेतली, तिच्याभोवती पातळ रबराची नळी कापडात गुंडाळून खिळ्यांनी ठोकली आणि पंपाने हवा भरली. मग अंगणात आधी सायकलचं चाक ढकललं, नंतर हे. सायकलचं चाक मध्येच आडवं झालं. हवेचं चाक पूर्ण अंगण पार करून फाटकावर आपटलं आणि उलटं परत आलं.

मला या प्रयोगाचं खरंच कौतुक वाटतं. तो आराम शोधायला निघाला आणि हाती वेगसुद्धा लागला, कारण दोन्हींचं मूळ एकच. कडक चाक खड्यावर चढतं तेव्हा अख्खी गाडी उचलली जाते आणि तुमची ताकद हादऱ्यांत वाया जाते. हवेचं टायर तेवढ्याच जागी दबतं, खडा पोटात घेतं आणि पुढे सरकतं. हवा फार ठासली की ते दबतच नाही. म्हणजे मी पैसे देऊन डनलॉपच्या आधीचं चाक परत आणत होतो!

१८८८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढच्या वर्षी विली ह्यूम हा सायकलपटू बेलफास्टच्या शर्यतीत ही जाडजूड टायर लावून उतरला. लोक आधी हसले, मग तो जिंकत गेला. डब्लिनच्या हार्वे ड्यू क्रोने कंपनी काढली आणि डनलॉपने पेटंट तिच्याकडे दिलं.

आणि मग धक्का. रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्येच पेटंट केली होती. त्याची चाकं लंडनमध्ये घोडागाड्यांना लावूनही झाली होती, पण तेव्हा सायकलींचा जमाना नव्हता आणि लोक विसरून गेले. डनलॉपचं पेटंट रद्द ठरलं. शिवाय त्याचं टायर रिमला चिकटवलेलं असायचं, पंक्चर काढणं म्हणजे शिक्षाच. काढता-घालता येणारं टायर वेल्च आणि बार्टलेट यांनी शोधलं. कंपनीने त्यांची पेटंटं विकत घेतली आणि त्यावर ती तगली.

१८९५ मध्ये डनलॉप कंपनीतून बाहेर पडला. टायरवर नाव त्याचं, मोठा पैसा इतरांचा. १९२१ मध्ये डब्लिनला तो वारला, तोवर कारही त्याच हवेवर धावत होत्या.

माझ्या कारमध्ये ड्रायव्हरच्या दाराजवळ हवेच्या प्रेशरचा स्टिकर आहे. तुमच्याही असेल, बघा. आता मी सकाळी, टायर थंड असताना, तेवढीच हवा भरतो. पुढचे दोन टायर मात्र बदलावेच लागले.