अहिल्याबाईंची खासगी आणि महेश्वरचे माग

इंदूरच्या राजेंद्र नगरातील अनेक मराठी कुटुंबांची मुळे महाराष्ट्रात आहेत. होळकरांचेही तसेच; नीरेकाठचे होळ हे त्यांचे मूळ गाव. 1725 मध्ये चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई या घराण्यात सून म्हणून आल्या. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. 1766 मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. त्यानंतर त्यांनी महेश्वर येथून सुमारे 28 वर्षे राज्यकारभार सांभाळला.

काशी विश्वनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर अशी देवळे, घाट व अन्नछत्रे यांचा खर्च त्यांनी राज्याच्या तिजोरीवर न टाकता स्वतःच्या खासगीतून केला. गोव्याहून काशीला जाणारा यात्रेकरूही त्याचा लाभ घेतो. महेश्वरच्या विणकरांना त्यांनी आश्रय दिला. 13 ऑगस्ट 1795 रोजी त्यांचे निधन झाले.

1948 मध्ये होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले. राजाश्रय गेला आणि माग थंडावले. पुढे होळकर घराण्यातील वंशजांनीच महेश्वरात रेहवा संस्था स्थापन करून विणकर स्त्रियांच्या हाती पुन्हा काम दिले. राज्य परत आले नाही, परंतु अहिल्याबाईंनी जोपासलेला उद्योग त्यांच्याच घराण्याच्या हातून पुन्हा उभा राहिला.